डावा मुंढा

बुधवार, १९ डिसेंबर २०४०. सकाळचे दहा वाजून चाळीस मिनिटे. वामनराव तारदाळकरांच्या जेवणाच्या टेबलावर काळ्या कापडाचे सात तुकडे ओळीने मांडलेले होते आणि त्यांच्या मते त्यांपैकी एकही काळा नव्हता.

पहिला खिडकीच्या उजेडात निळसर दिसत होता. दुसऱ्यात विटकरी झाक होती. तिसरा ‘तापरंगी’ जातीचा होता. अंगाची ऊब लागली की तो हळूहळू जांभळा होत असे, आणि वामनरावांनी बोट ठेवल्यापासून त्यावर बोटाचा ठसा उमटून बसला होता. चौथा कधीही चुरगळत नसे, म्हणजेच तो इस्त्रीची घडीही धरत नसे. पाचवा चार दिशांनी ताणला जात होता. तो त्यांनी चिमटीत धरून बाजूला ठेवला.

“हा का नको?” कुमुदिनीबाईंनी विचारले.

“जे कापड कुणाच्याही अंगाला बसतं, त्याला शिंपी कशाला हवा?”

“मला शिंपी नकोय. मला ब्लाऊज हवाय.”

संक्रांतीला सव्वीस दिवस उरले होते. लग्नानंतरच्या पहिल्या संक्रांतीपासून कुमुदिनीबाईंचा काळा ब्लाऊज दर वर्षी वामनराव स्वतः शिवत आले होते. आजवर एकेचाळीस झाले होते. तंत्रनिकेतनाच्या वस्त्रनिर्मिती विभागात एकतीस वर्षे शिकवून ते निवृत्त झाले, तरी हे काम निवृत्त झाले नव्हते. यंदा नव्या सुनेची पहिली संक्रांत होती. तिच्यासाठी हलव्याचे दागिने सांगून झाले होते आणि हळदीकुंकवाला साठ बायका यायच्या होत्या.

अखेर सहावा तुकडा ठरला. तो साधा सुती खण होता, काठाला बारीक पांढरी रेघ असलेला. सातव्याकडे बघण्याइतका उत्साह दोघांतही उरला नव्हता.

“आता माप,” वामनरावांनी गळ्यात टेप अडकवली.

“माप मापघरात देणार आहे मी. तुमच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्याचं व्हायचंय. गेल्या वर्षी बाही केवढी फिरली होती.”

“मापघरातलं माप आपल्या अंगाला नीट बसेल हे तुला कोणी सांगितलं?”

कुमुदिनीबाईंनी टेबलावरचे तुकडे गोळा केले. “गौरीला घातला होता तो हिरवा ब्लाऊज तिथलाच. आणि दसऱ्याचाही. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून तयार आणला म्हणाले.”

वामनरावांनी टेप गळ्यातून काढली, गुंडाळली आणि डबीत ठेवली. त्यांना ते दोन्ही ब्लाऊज आठवत होते. दोन्ही उत्तम बसले होते, आणि तसे ते मोठ्याने म्हणालेही होते.

मापघर मुख्य रस्त्यावर होते. ते चालवणारी रेहाना मुजावर ही वामनरावांची जुनी विद्यार्थिनी. दुकानाच्या मध्यभागी काचेची एक अरुंद कोठडी होती. आत जाऊन अंगालगतच्या कपड्यांत उभे राहायचे, मग मिलिमीटर लहरी नऊ सेकंद अंगावरून फिरत. त्या कापडातून आरपार जात आणि कातडीवरून परत येत. परतायला लागलेल्या वेळेवरून शरीराचा पृष्ठभाग दोन लाख बिंदूंत मांडला जाई. नंतर ‘बेतनी’ ही संगणकप्रणाली, संत्र्याची साल सोलून सपाट करावी तसा, तो पृष्ठभाग उलगडी आणि ब्लाऊजच्या प्रत्येक भागाचा कागदी खाका छापून देई. हवे तर त्यावरून ब्लाऊजही तिथेच शिवून मिळे, आणि खाके सोबत मिळत. उजव्या बाजूचे खाके वेगळे निघत, डाव्या बाजूचे वेगळे.

हे वेगळेपणच वामनरावांना खटकले. त्यांनी उजव्या आणि डाव्या पुढच्या भागाचे कागद एकावर एक ठेवून दुकानाच्या काचेवर धरले. बाही जिथे बसते ती गोलाई, म्हणजे मुंढा, दोन्हींत जुळत नव्हती. डाव्या कागदाची रेषा बाहेर डोकावत होती.

“रेहाना, तुझं यंत्र डावीकडे सहा मिलिमीटर चुकतंय.”

“सर, आधी बसा. उभ्यानं रागावू नका.” रेहानाने कोपऱ्यातला प्रमाणित पुतळा उचलून कोठडीत ठेवला आणि त्याचे माप घेतले. फलकावर आकडा उमटला. उजवे-डावे अंतर शून्य.

“पुतळा श्वास घेत नाही. माणूस डुलतो,” वामनराव म्हणाले.

“म्हणून काकूंचं माप तीनदा घेतलं.”

“तीनदा डुलली.”

“मी आत झोपाळ्यावर बसले होते का?” कुमुदिनीबाई म्हणाल्या.

वामनरावांनी खाके घेतले खरे, पण घरी जाऊन डाव्या बाजूच्या प्रत्येक कागदावर तांबड्या पेन्सिलीने ‘रद्द’ असे लिहिले. एकतीस वर्षे त्यांनी पहिल्या तासाला एकच गोष्ट शिकवली होती: कापड दुमडा आणि दोन्ही बाजू एकाच कापात काढा. कुणाचेही शरीर दोन्हीकडे सारखे नसते, हे त्यांना माहीत होते. एक खांदा उतरता असतो, एक हात जाड असतो. तो फरक झाकणे हेच शिंप्याचे काम, असे ते मानत. फरकाबरहुकूम कापड कापणे हा त्यांना जवळजवळ असभ्यपणा वाटे. त्यांनी खण दुमडला, उजव्या बाजूचा खाका त्यावर ठेवला, खडूने आखला आणि कात्री चालवली.

त्याच आठवड्यात त्यांनी मापघराच्या कंपनीला पत्र पाठवले. त्यात नऊ मुद्दे होते, प्रत्येकाला क्रमांक होता. उत्तर एका ओळीचे आले: आपले यंत्र प्रमाणित आहे.

बुधवार, २ जानेवारी २०४१. ब्लाऊज कच्च्या टाक्यावर तयार झाला. कुमुदिनीबाईंनी घातला, हात वर केला आणि खाली घेतला.

“डावीकडे काखेत चिमटतोय.”

“आणि उजवीकडे?”

“उजवीकडे झकास.”

“दोन्ही बाजू एकाच कापात कापल्यात. एक चिमटत असेल तर दुसरीनंही चिमटायला हवं.”

“ते त्या ब्लाऊजला समजावून सांगा. मला साठ जणींना वाकून हळदीकुंकू लावायचंय.”

वामनरावांनी डाव्या बाहीची शिवण उसवली. आत त्यांनी नेहमीप्रमाणे माया सोडली होती, म्हणजे पुढे सैल करता यावे म्हणून शिवणीच्या आत राखलेले जास्तीचे कापड. त्यांनी शिवण दोन्ही अंगांनी एक मिलिमीटर सरकवली. चिमटतोय, म्हणाल्या. दोन सरकवली. अजून जरा. तीन सरकवली.

“आता बरोबर. आता हात कुठेही जातोय,” कुमुदिनीबाई म्हणाल्या आणि आरशाकडे वळल्या.

वामनराव हातात टाचणी धरून उभे राहिले. इकडून तीन आणि तिकडून तीन. आपल्या बोटांनी, यंत्राशिवाय, केवळ बायकोच्या तक्रारीवरून, ते त्याच आकड्यावर येऊन पोचले होते ज्यावर त्यांनी तांबड्या पेन्सिलीने ‘रद्द’ लिहिले होते.

“गौरीच्या आणि दसऱ्याच्या ब्लाऊजचे कागद आहेत का तुझ्याकडे?”

“बिस्किटांच्या डब्यात ठेवलेत. तुम्हाला सापडू नयेत म्हणून.”

त्यांनी तिन्ही वेळचे कागद खिडकीच्या काचेला चिकटपट्टीने लावले. आधी उजव्या मुंढ्याचे तीन कागद लावले. तिन्ही रेषा मिळून एकच रेषा दिसत होती. मग डाव्या मुंढ्याचे तीन लावले. ऑगस्टमधली रेषा उजवीपेक्षा दोन मिलिमीटर बाहेर होती, ऑक्टोबरमधली चार आणि डिसेंबरमधली सहा. सकाळच्या उन्हात त्या तीन रेषा पायऱ्यांसारख्या दिसत होत्या.

“वजन वाढलं असेल,” कुमुदिनीबाई म्हणाल्या.

“वजन एकाच काखेत वाढत नाही, कुमुद.”

 कुमुदिनीबाईंनी उजवा हात डाव्या काखेत नेला आणि बराच वेळ तो तिथेच ठेवला.

दुसऱ्या दिवशी वामनराव एकटेच मापघरात गेले. रेहानाने कागद पाहिले आणि दुकानाची पाटी ‘बंद’कडे वळवली.

“बेतनीला हे दिसत होतं का?” त्यांनी विचारले.

“दिसतं, सर. तीन मापांत एकाच बाजूची वाढ असली की आत कुठेतरी नोंद होते. ती आम्हाला उघडता येत नाही.”

“का?”

“आमचा परवाना कपड्यांचा आहे. शरीराबद्दल एक शब्द बोलायची मुभा नाही. पहिल्या वर्षी यंत्र सांगायचं म्हणे. लोक घाबरून पळाले, काहींनी कोर्टात खेचलं. मग कंपनीनं ते कुलूप घातलं. आता ते फक्त जागा करून देतं.”

जागा करून देतं. वामनराव ते शब्द मनात घोळवत राहिले. पूर्वी अंगात काही वाढले की कपडा टोचत असे. बाई कुरकुर करी, शिंप्याकडे जाई, आणि चार जणींत बोलणे निघे. तो घट्ट कपडा एक प्रकारचे मापयंत्रच होता, आणि ते ओरडत असे. हे नवे यंत्र इतके अचूक होते की त्याने दर वेळी त्या वाढीला नेमकी तेवढीच वाट काढून दिली होती आणि ऑगस्टपासून कुमुदला काही कळू दिले नव्हते. दसऱ्याला आपणच म्हणालो होतो, ब्लाऊज उत्तम बसलाय. ही आठवण त्यांना सर्वांत जास्त छळत होती.

“तू मला त्या दिवशी सांगायला हवं होतंस.”

“मला माहीत नव्हतं, सर. मी एका वेळी एकच कागद बघते. आणि तुम्ही डावीकडचे कागद रद्द करणार, हे तुम्ही तरी मला सांगितलं होतंत का?”



शुक्रवारी डॉक्टरांनी तपासले. गाठ लहान होती आणि काखेच्या कडेला होती. बोट नेमके ठेवले तरच लागत होती. पुढच्या शुक्रवारी तपासणीचा निकाल आला. गाठ चांगली नव्हती, पण वेळेत सापडली होती. “ब्लाऊज घट्ट झाला म्हणून आलात?” डॉक्टरांनी कागदावरून मान वर करत विचारले. “बहुतेक जणी याच्यापेक्षा दोनतीन वर्षं उशिरा येतात.” शस्त्रक्रिया एकवीस तारखेला ठरली.

संक्रांत मात्र झाली. कुमुदिनीबाईंनी कुणाला काही सांगितले नाही. डावीकडे सहा मिलिमीटर सैल केलेला काळा ब्लाऊज घालून त्यांनी साठ जणींना हळदीकुंकू लावले. सुनेच्या गळ्यातला हलव्याचा हार सगळ्यांनी हात लावून पाहिला. वामनराव आतल्या खोलीत बसून होते. बाहेरून कुणीतरी म्हणाले, “काकू, ब्लाऊज अगदी अंगासरसा बसलाय. कुठल्या मापघरातला?” तेव्हा त्यांनी हातातले वर्तमानपत्र खाली ठेवले.

शस्त्रक्रिया नीट पार पडली. फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात रेहाना घरी आली. तिने पिशवीतून एक वही काढली, पण ती उघडली नाही.

“सर, तुमच्यासारखंच केलं मी. ज्यांची तीन किंवा जास्त मापं माझ्याकडे आहेत, त्यांचे कागद काचेवर लावून बघितले. महिनाभर लागला. आठशे चौसष्ट बायका.”

“किती निघाल्या?”

“सात. सगळ्यांचीच गाठ असेल असं नाही. एखादीचा हात सुजला असेल, एखादी त्या बाजूला मूल घेत असेल. पण रेषा पायऱ्यांसारख्या आहेत. पाडव्यासाठी सातही जणींची मापं आली आहेत. नावं मी तुम्हालाही सांगू शकत नाही, आणि त्यांना सांगितलं तर परवाना जातो. मग पुढच्या आठशे जणींचे कागद बघायलाही कुणी उरत नाही.”

पलंगावरून कुमुदिनीबाईंनी विचारले, “कुणी आपणहून विचारलं तर?”

“तक्रार आली तर ग्राहकाला तिचे सगळे जुने खाके दाखवावेच लागतात. तसा नियम आहे. पण काकू, तक्रार येणार कशी? कपडा उत्तम बसतो.”

वामनराव उठले. शिलाई यंत्राच्या खणातून त्यांनी डाव्या बाजूचे ते कागद काढले. तांबड्या पेन्सिलीचा ‘रद्द’ अजून त्यांवर होता. त्यांनी ते रेहानासमोर ठेवले आणि वर्गात सांगत त्याच सपाट आवाजात म्हणाले, “त्या सात जणींचं कापड दुमड. ज्या बाजूला वाढ नाही, त्या बाजूचा खाका ठेव. दोन्ही बाजू एकाच कापात काढ.”

रेहानाने विचारले, “मुद्दाम घट्ट शिवू?”

“वाढलेल्या बाजूला घट्ट होईल. त्या भांडायला येतील. आल्या की काचेवर कागद लाव, आणि त्यांनाच बघू दे.”

“लबाडी आहे ही, सर.”

“असेल. गेल्या वर्षी मी अचूकपणाचं कौतुक केलं होतं, ते मला महागात पडणार होतं.”

 कुमुदिनीबाईंनी उशी सरकवली आणि उजव्या कोपरावर भार देऊन हळूच उठून बसल्या.

“आणि ज्या भांडायला येणार नाहीत?” त्यांनी विचारले. “ज्या कोपऱ्यावरच्या एखाद्या शिंप्याकडे जातील आणि माया उसवून घेतील, त्यांचं काय?”

गुढीपाडव्यापर्यंत दुमडून कापलेले ब्लाऊज दुकानातून गेले: सात. एका काखेत चिमटतो म्हणून परत आले: चार.