अर्धं पाऊल

सोमवार, सकाळी नऊ चाळीस. मंठा तालुक्यातल्या एका शाळेच्या व्हरांड्यात शिपाई रखमाजीला पांढरी पावलं दिसली. लहान लेकराची. तक्रारपेटीखालून निघालेली, वर्षभर बंद असलेल्या खोलीकडं गेलेली. परत आलेली एकही नव्हती.

हा तिसरा सोमवार होता.

साडेबाराला सोमेश्वरनं गाडी शाळेच्या लिंबाखाली उभी केली. मागच्या सीटवरून सुरेखा शेजूळ उतरल्या. अठरा वर्षं त्या पोलिसांच्या ठसे शाखेत होत्या. आता जालन्यात खासगी तपास करतात. सोमेश्वर पूर्वी एसटीत कंडक्टर होता. तो त्यांची गाडी चालवतो, टिपणं ठेवतो आणि जुन्या सवयीनं दिसेल ते मोजतो.

फाटकातच संस्थेचे अध्यक्ष सोहनलाल उभे होते. तीन पिढ्यांचं मंठ्यात दुकान, पण आज तोंडचं पाणी पळालेलं.

"बाई, साफ सांगतो. गावभर बोभाटा झालाय. पहिल्या सोमवारी पावलं मधेच थांबली होती. दुसऱ्या सोमवारी दारापर्यंत. आज दारातून आत. वीस पोरी आज शाळेत आल्या नाहीत."

"तुम्हाला काय हवंय?"

"हा चावटपणा कुणाचा, ते. पोरगा असो की पोरगी, उद्या दाखला हातात देतो. तुम्ही ठसेवाल्या. सगळ्या पोरांच्या हाताचे ठसे घ्या, संध्याकाळपर्यंत बराबर सापडेल."

"पोरांचे ठसे मी घेणार नाही," सुरेखा म्हणाल्या. "पावलं कुणी काढली ते नंतर बघू. ती जातात कुठं, ते आधी."

"एकच झालं ना."

"नाही, शेठ."

व्हरांड्याचं ते टोक ओस पडलं होतं. शेजारच्या वर्गातून पाढ्यांचा आवाज येत होता, पण खिडकीतली पोरं फळ्याकडं बघत नव्हती. सगळे डोळे फरशीवर. सोमेश्वर पुढं झाला तसा पाढा एकदम थांबला.

शहाबादीवर एकामागे एक सहा पावलं. चुन्याची, कोरडी, पांढरीफटक. सातवं अर्धंच होतं. टाच बाहेर, पुढचा भाग बंद दाराच्या खाली गेलेला. दाराला उंबरा नव्हता. सोमेश्वरनं फटीत बोट घालून बघितलं. जेमतेम एक बोट गेलं.

"ताई," तो हळूच म्हणाला, "ही सगळी उजव्याच पायाची हायेत. डावा पायच न्हाई."

सुरेखांनी उजव्या हाताची मूठ वळली, आणि कडेच्या धुळीवर आडवी टेकवली. करंगळीची कड उमटली. वर पाच बोटांचे ठिपके दिले. धुळीत एक पाऊल तयार झालं.

"महालक्ष्म्यांची पावलं," सोमेश्वर म्हणाला. "आमच्या घरी मंडळी अशीच काढते. मुठीनं."

"आणि डाव्या मुठीनं डावं. इथं डावा हात मोकळा नव्हता."

मुख्याध्यापक अप्पारावांच्या मोबाइलमध्ये आधीच्या दोन्ही सोमवारचे फोटो होते. फरशा त्याच, म्हणून माप काढणं सोपं गेलं. सोमेश्वरनं टेप धरली, हिशेब केला आणि पुन्हा केला.

"पहिल्या दोन्ही वेळी आठ सेंटिमीटर. आजचं साडेनऊ."

"लिहून ठेव."

"ताई, तीन हप्त्यांत पाऊल वाढलं?"

सुरेखांनी त्याच्या हातातली टेप गुंडाळून घेतली. गावातल्या बायाही हेच म्हणत होत्या, ती भुताची पोर वाढून राह्यली. सोमेश्वरनं वही मिटली आणि उगाच मागं वळून बघितलं.

अप्पाराव आपल्या खोलीत घाम पुसत बसले होते. निवृत्तीला सात महिने उरलेले.

"त्या खोलीचा स्लॅब तडकलाय. वर्षापूर्वी मी स्वतः कुलूप लावलं. ही बघा किल्ली." भिंतीवर खिळ्याला किल्ली टांगलेली होती. "रोज बघतो मी. तिथल्या तिथंच आहे."

"आणि तक्रारपेटी?"

"नियमानं लावलीय. दर शनिवारी उघडली जाते. किल्ली कल्याण सरांकडं, एकदम नियमित माणूस. दोन वर्षांत एक चिठ्ठी निघाली नाही." अप्पारावांच्या आवाजात थोडा अभिमान होता.

"पावलं किती आहेत, सर?"

"सात."

रखमाजी झाडांच्या बुंध्यांना चुना मारत होता. अध्यक्षांनी शिक्षण खात्याच्या पाहणीआधी शाळा नीट दिसावी म्हणून काम लावलं होतं. गावाचा पहिला संशय त्याच्यावरच होता, कारण चुना त्याचा.

"लोकं म्हणत्यात रखम्यानंच केलं. मला काय हौस आलीय? मागच्या दोन्ही टायमाला मीच घासून काढलं, नखं गेली माझी."

"शनिवारी झाडून कुलूप लावताना पावलं नव्हती?"

"बिलकुल न्हाई. फाटक लावलं, आज उघडलं. मधी कुणी आलं न्हाई."

सोमेश्वर झाडाकडं बघत होता. "दादा, ह्या बुडाला तुम्ही चुना लावला का पाणी? काहीच दिसंना."

"कधी चुना मारला न्हाई दिसतं," रखमाजी हसला. "चुन्याची निवळी ओली असली की दिसत न्हाई. वाळली की पांढरीफटक. दुपारी या बघायला."

"डबा कुठं ठेवता?" सुरेखांनी विचारलं.

"जिन्याखाली. पत्र्याचा हाय."

"किती पावलं होती?"

"सहा अन् एक अर्धं."

खिचडीच्या शेडमध्ये केशरबाई भांडी घासत होत्या. पावलं किती, असं विचारल्यावर त्यांनी हात जोडले. "अकरा का बारा म्हणत्यात. मी त्या अंगाला गेलेच न्हाई, माय."

"पोरी घाबरल्यात का?"

"आत्ता घाबरल्यात. पण सहावीतली शालू लई आधीपासून. शनवारी ताट घेऊन माझ्यापाशीच बसती. घंटा झाली तरी हलत न्हाई. म्हणती, मावशी, मी भांडी घासू लागते. पोटात दुखतं म्हणती. अन् सोमवारी बघावं तर चांगली."

"कुणाला सांगितलंत?"

"कुणाला सांगू? पोरगी कामाला हात लावती, ही काय तक्रार हाय का?"

सोमेश्वरनं विचारलं, "घरी कोण असतं तिच्या?"

"आजी, तुळजाबाई. मायबाप ऊसतोडीला, कारखान्याला."

कल्याण सर सगळ्यात शेवटी भेटले. तिशीतला हसरा माणूस. वर्गातून बाहेर येईपर्यंत चार पोरांच्या डोक्यावर टपल्या मारून आला.

"मॅडम, भूत माझ्या तासाला आलं तर त्यालाही स्कॉलरशिपला बसवीन. तेवढाच शाळेचा निकाल वाढंल."

सोमेश्वरला हसू आलं. मोकळ्या मनाचा माणूस दिसला.

"शनिवारी तुमचा जादा तास असतो?"

"अकराला शाळा सुटली की दीड तास. फी न्हाई. एकेकाची तोंडी घेतो, त्याशिवाय लेकरं तयार होत न्हाईत."

"पटावर किती आहेत?"

"होते अठरा. आता अकरा. पोरींचं मन लागत न्हाई अभ्यासात."

"ही पावलं कुणी काढली असतील?"

"खोडसाळपणा हाय. नऊ पावलं काढायला वेळ किती लागतो? दोन मिनिटं."

बाहेर आल्यावर सोमेश्वर म्हणाला, "ताई, आकडा बघा कसा फुगतोय. सात, नऊ, अकरा, बारा. संध्याकाळपर्यंत शंभर होतील."

"खरंय," सुरेखा म्हणाल्या आणि फोन लावायला लिंबाखाली गेल्या. बराच वेळ बोलल्या. परत आल्यावर त्यांनी अप्पारावांच्या खिळ्यावरची किल्ली मागून घेतली आणि खोलीच्या कुलपाला लावली.

किल्ली आत शिरलीच नाही.

कुलूप मळकं होतं, पण बोटाला तेल लागलं. अप्पारावांनी किल्ली हातात उलटीसुलटी केली. वर्षभर त्यांनी ती रोज पाहिली होती. लावून एकदाही पाहिली नव्हती.

दुपारी चार. अप्पारावांच्या खोलीत सोहनलाल, अप्पाराव आणि कल्याण सर. कोपऱ्यात साध्या साडीत एक बाई बसल्या होत्या. त्या पोलीस उपनिरीक्षक दैवशाला. दार सोमेश्वरनं लावून घेतलं.

"शेठ, तुम्ही चावटपणा म्हणालात," सुरेखांनी सुरुवात केली. "महालक्ष्मीची पावलं कशी काढतात? ती जिथून येते तिथून, जिथं बसते तिथपर्यंत. मधून कुणी सुरू करत नाही. ही पावलं फाटकातून निघाली नाहीत, वर्गातूनही नाहीत. तक्रारपेटीखालून निघाली आणि बंद खोलीपाशी संपली. ही तक्रार आहे. चिठ्ठी टाकता येत नव्हती, म्हणून फरशीवर लिहिली."

"टाकता का येत नव्हती? पेटी आहे की," अप्पाराव म्हणाले.

"किल्ली कुणाकडं आहे?"

अप्पारावांनी कल्याण सरांकडं बघितलं.

"शनिवारी कुणाला दिसली नाहीत, कारण निवळी ओली होती. कुलूप लागल्यावर वाळली, सोमवारी दिसली. भूत नाही. सगळी उजवी, कारण डाव्या हातात पत्र्याचा डबा होता. शहाबादीवर ठेवला असता तर वाजला असता. म्हणजे काढणारी घाईत होती आणि ऐकू जाईल इतक्या जवळ कुणीतरी होतं."

"दार तर बंद होतं," सोहनलाल म्हणाले.

"सातवं पाऊल अर्धं बाहेर, अर्धं दाराखाली. फटीत बोट जेमतेम जातं, मूठ जात नाही. तो ठसा उमटला तेव्हा दार उघडं होतं. वर्षभर बंद असलेल्या खोलीचं दार शनिवारी, शाळा सुटल्यावर. त्या वेळी शाळेत कुणाचा तास असतो, हे सगळ्यांना माहीत आहे. अठराचे अकरा झाले. एक मुलगी शनिवारी भांडी घासायला तयार होते, पण त्या तासाला जायला नाही."

कल्याण सर हसले. "मॅडम, माझा तास वर्गात असतो. त्या खोलीशी माझा काय संबंध?"

"मी बाकी सगळ्यांना एकच प्रश्न विचारला, पावलं किती. ज्यांनी बघितली ते सात म्हणाले. केशरबाईंनी बघितलीच नाहीत, त्या ऐकलेलं बोलल्या, तेही चाचरत. तुम्ही न विचारता नऊ म्हणालात, ठामपणे."

"पोरांकडून ऐकलं असंल."

"असेल. किंवा आत आणखी दोन असतील. आज त्या टोकाला कुणी फिरकत नव्हतं, परिपाठाला पोरं पटांगणात असताना दार उघडून बघायला आणि पुसायला वेळ होता. चुना ओल्या फडक्यानं निघत नाही, रखमाजीला विचारा. चला, बघू."

दैवशाला उठल्या. कल्याण सरांच्या जुडग्यातली चौथी किल्ली कुलपात फिरली. पंच म्हणून दोन पालक बोलावले होते.

खोलीत एक खुर्ची होती. एकच. खिडकीला आतून जुनं गोणपाट ठोकलेलं. दाराच्या आतल्या बाजूला नवी कडी, मोठ्या माणसाच्या उंचीवर. फरशी दारापाशी अजून दमट होती, आणि त्या दमटपणात, दगडाच्या छिद्रांत बसलेली, दोन फिकट पांढरी पावलं. खुर्चीकडं तोंड केलेली.

सोमेश्वरनं मोजलं नाही.

दैवशालांनी कल्याण सरांचा मोबाइल मागून घेतला, पाकिटात बंद केला आणि त्यांना गाडीत बसवलं. जाताना ते पोरांकडं बघून हसायला गेले. एकही पोर हसलं नाही.

अप्पाराव उठून सहावीच्या वर्गाकडं निघाले. "भांडी घासायला बसते ती शालूच. मी तिला बोलावून विचारतो."

सुरेखांनी त्यांना थांबवलं. "तुम्ही नाही, सर. मीही नाही. लेकरांशी कसं बोलायचं ते ज्यांना शिकवलंय, त्या समुपदेशक बाई विचारतील, आजी सोबत असताना. तुमचं काम होतं ते शंका आल्या दिवशी कळवण्याचं. खात्री करत बसण्याचं कधीच नव्हतं."

"मला शंका आलीच नाही हो."

"केशरबाईंना आली होती. अकराच्या पटानं तुम्हालाही सांगितलं होतं. प्रत्येकाकडं एकेक पाऊल होतं, सर. ओळीत कुणी लावली नाहीत."

सोहनलाल लिंबाखाली एकटेच उभे होते. सोमेश्वर जवळ गेला तेव्हा म्हणाले, "मी त्या पोरीचा दाखला काढायला निघाल्तो."

गुरुवारी शालू बोलली. समुपदेशक बाईंजवळ, तुळजाबाईंचा हात धरून, दोन तास. ती काय म्हणाली ते पोलिसांच्या कागदांत आहे आणि तिथंच राहील. त्यातली फक्त एक गोष्ट दैवशालांनी सुरेखांना फोनवर सांगितली.

"पहिल्या दोन वेळची पावलं तिची. तिसरी आपण काढली नाहीत म्हणते. त्या शनिवारी ती शाळेत नव्हतीच. हजेरी बघितली, खरं आहे."

फोन स्पीकरवर होता. सोमेश्वरनं वही उघडली. आठ, आठ, साडेनऊ. पाऊल वाढलं नव्हतं. दुसऱ्या हातानं पहिल्याचं बघून काढलं होतं, आणि तो हात दारातून आत गेला होता.

"मोठ्या वर्गातली असंल," तो म्हणाला. "ताई, आता तरी ठसे घ्या. एका दिवसात सापडंल."

"सापडेल. आणि पुन्हा कधी बोलणार नाही." सुरेखांनी फोन ठेवला. "पेटी हलवायला सांग. खिचडीच्या शेडपाशी. किल्ली केशरबाईंकडं, आणि उघडताना दोन पालक बाया समोर. मुलांच्या मदतीचा १०९८ नंबर मोठ्या अक्षरात, पोरांच्या डोळ्यांच्या उंचीवर."

पुढच्या सोमवारी व्हरांड्यात काही नव्हतं. रखमाजीनं तीनदा बघितलं.

सकाळी अकराला केशरबाईंनी पेटी उघडली. आत वहीचा एक घडी घातलेला कागद होता. त्यावर अक्षर एकही नव्हतं. चुन्याचं एक पाऊल होतं, उजवं.

दुपारी सोमेश्वरनं ते मोजलं. साडेनऊ.

पेटी आता रोज उघडतात. ती मुलगी अजून पुढं आलेली नाही.