टर्नच्या पुढचा शब्द

काचेच्या नळीतला पांढरा गोळा पार तळाला बसला होता.

ताईला तो नंतर दिसला. आधी दिसली वडिलांची निळी पडलेली नखं. तिने धावत जाऊन ऑक्सिजनच्या मशीनचं बटण फिरवलं, तसा गोळा वर चढला. बऱ्याच वेळाने वडिलांच्या ओठांवर रंग आला आणि त्यांनी डोळे उघडले.

"टर्न," ते म्हणाले.

पक्षाघाताने त्यांची उजवी बाजू नेली होती आणि वाचाही. जन्मभर शाळेत इंग्रजी शिकवलेल्या माणसाजवळ एवढा एकच शब्द उरला होता. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून त्यांना सारखं कुशीवर वळवावं लागे. त्याला डॉक्टर 'टर्न करणं' म्हणत. तोच शब्द त्यांच्या तोंडात बसला असावा, असं घरात सगळे धरून चालले होते.

"आधीही दोनदा झालंय हे," धाकटा भाऊ दारातूनच म्हणाला. "मशीन ठीक आहे, दुरुस्तीवाला बघून गेला. बटण कोणीतरी फिरवतंय. आणि हे काय आहे?"

बटणावर पांढरी पावडर लागली होती.

"बाबांना पावडर कोण लावतं, सिस्टर?"

दिवसभरासाठी घरी येणारी नर्स भिंतीला टेकली. "मीच लावते. पण बटणाला हात नाही लावला हो, दादा."

"दादा म्हणू नका मला. काय ते पोलिसांना सांगा."

"पोलीस आले तर पुन्हा कुणी मला उंबरा ओलांडू देईल का? ताई, तुम्ही तरी बोला ना!"

ताईने बटणावरच्या पावडरीकडे पाहिलं. ही बाई खोटं बोलत नसेल, तर तो हात अजून याच घरात होता. बाईला हाकलून दिल्यावर तो पुन्हा बटणापर्यंत पोचणार होता, आणि पुढच्या वेळी ताई वेळेवर येईलच असं नव्हतं. घरात वावरणारी माणसं तीनच. मग संशय कुणावर घ्यायचा, भावावर की स्वतःवर?

"जरा थांब," ती भावाला म्हणाली. "सिस्टर, पावडर कशी लावता?"

"हातमोजे घालून. मग मोजे कचऱ्यात, हात साबणाने." तिने कचऱ्याचा डबा पुढे केला. पांढरे झालेले मोजे वरच पडले होते.

"लावता कुठे?"

"पाठीला, मानेला. डाव्या तळव्याला."

"तळव्याला कशाला?"

"मूठ आवळून आवळून घामेजतो ना. कठडा धरतात, चादर धरतात. काल माझी बाही धरली, तर सुटता सुटेना."

"आज मी स्वयंपाकघरात होते तेव्हा बाबा कोणत्या कुशीवर होते?"

"उजव्या. मशीनकडे तोंड करून. टर्न टर्न चाललं होतं, म्हणून मीच वळवलं आणि कपडे वाळत घालायला गेले."

"आणि आधीच्या दोन्ही वेळा?"

सिस्टर आठवत राहिली. "मशीनकडेच. भिंतीकडे तोंड असताना कधीच नाही झालं."

"हे सुरू कधी झालं?"

उत्तर भावाने दिलं, तेही चिडून. "तुला नोकरीसाठी बोलावणं आलं आणि तू इथे पलंगापाशी उभी राहून फोनवर नाही म्हणालीस ना, त्याच्या दुसऱ्या दिवशी. माझं डोकं फिरलं होतं, म्हणून लक्षात आहे."

फोनवर ताई इंग्रजीत बोलली होती. नकार देताना कोणतं क्रियापद तोंडून गेलं, तेही तिला आठवलं.

वडील वर्गात म्हणायचे, 'क्रियापद एकटं भेटलं तर भुलू नका रे. सोबत कोण आहे ते आधी बघा.' मुलं हसायची. मागच्या बाकावरून ताईही हसायची.

ती उशापाशी वाकली. "बाबा, टर्नच्या पुढे काय? ओव्हर? कूस बदलू?"

मान हलली. नाही.

"ऑन? पंखा लावू?"

नाही.

"डाऊन?"

मान हलली नाही. डावी मूठ सावकाश उघडली. तळव्याच्या रेषांत पावडर होती, आणि अंगठ्यावर तेवढी पुसली गेली होती.

"नाही," भाऊ म्हणाला. "बाबा, नाही ना?"

"बटण यांनीच फिरवलं," ताई म्हणाली. "टर्न म्हणायचे, आपण बिचारे मशीनकडे वळवायचो. उजवा हात खाली, डावा मोकळा. आपली पाठ वळली की तो बटणावर जायचा. सिस्टर, आम्हाला माफ करा."

सिस्टर तोंडावर हात धरून रडत होती.

"पण का?" भावाने विचारलं.

"टर्न डाऊन म्हणजे कमी करणं. रेडिओ, गॅस, हे बटण. आणि टर्न डाऊन म्हणजे नाकारणंसुद्धा. यांना सांभाळायचं म्हणून मी यांच्या डोक्याशी उभं राहून नोकरी नाकारली. माझं नाकारायचं कारणच यांना मिटवायचं होतं."

भावाने मशीन ओढत पायथ्याशी नेलं. परतताना तो सिस्टरसमोर थांबला. "बसा ना, सिस्टर," एवढंच त्याला जमलं.

वडिलांनी मान भिंतीकडे फिरवली.

ताईने पलंग भिंतीपासून सरकवला आणि त्या फटीत अंग चोरून जमिनीवर बसली. आता त्यांना तिच्याकडेच बघावं लागणार होतं.

"त्या लोकांना मी परत फोन करते," ती म्हणाली. "घेतील की नाही, माहीत नाही. पण तुमचा हा अर्ज नामंजूर. टर्न्ड डाऊन. वाक्य चुकलं असेल तर सुधारा."

ते बघत राहिले. "टर्न," ते म्हणाले.

ती पुढच्या शब्दासाठी थांबली. तो आला नाही. हे हो होतं की नाही, तेही तिला कळलं नाही. डावा हात तेवढा कठडा सोडून खाली आला, तिचं मनगट त्याला सापडलं आणि मूठ आवळली गेली. दुखत होतं. तिने मनगट तसंच राहू दिलं.