निळ्या टेपचे तुकडे

फोन ठेवा खाली, पोरांनो, आणि ते लाकूड आगीत सरकवा. रॉइस केटरिंग माझा जुना शेजारी, स्कूलबस चालवायचा. खोटं बोलणारा माणूस नव्हे. संशयी मात्र पक्का.

निवृत्त झाल्यावर त्यानं आणि बायकोनं, लॉर्नानं, ओहायोतलं घर विकून नवंकोरं मोटरहोम, म्हणजे चाकांवरचं घर, घेतलं. पहिल्याच पावसात छत गळलं. लॉर्नाला आधीच धाप लागायची, त्यात गादीखाली ओल. थंडीआधी तिला ॲरिझोनाच्या कोरड्या हवेत न्यायचं, एवढंच रॉइसच्या डोक्यात होतं. म्हणून गाडी इंडियानातल्या विक्रेत्याच्या यार्डात दुरुस्तीला लावली. दुसरं घर नाही, तेव्हा दोघं झोपायचीही गाडीतच.

आपल्या मोटरहोमवाल्यांत रीत आहेच, जिथं दोष तिथं निळी टेप चिकटवायची, म्हणजे मेकॅनिकला शोधत बसावं लागत नाही. रॉइसनं सतरा तुकडे चिकटवले. नऊ आठवडे झाले तरी सतराच्या सतरा जागेवर.

"छताचा भाग कारखान्यातून आलेला नाही, साहेब. जरा धीर धरा," काउंटरवरचा कर्टिस रोज म्हणायचा.

"किती धीर? वॉरंटी संपेपर्यंत ना?"

मग एका सकाळी तुकडे अठरा झाले. दुसऱ्या दिवशी आणखी एक. रॉइस भडकला. यादीत नवा दोष आला की वॉरंटीचा अर्ज कारखान्याकडे पुन्हा मंजुरीला जातो, रांगेत पार शेवटी.

"हेच लोक रात्री येऊन चिकटवतात, लॉर्ना. नुसता वेळ काढतायत."

"कुणी येत नाही रे. मी रात्र रात्र जागीच असते. घोरतोस तू."

त्यानं ऐकलं नाही. नवा तुकडा दिसला की ओरबाडून काढायचा. खाली काय आहे, ते एकदाही बघितलं नाही.

चौदा ऑक्टोबर, मंगळवार. रात्रीचे दोन चाळीस. रॉइस आतून कडी लावून, बॅटरी हातात धरून पुढच्या सीटवर बसलेला. यार्डाच्या फाटकाला कुलूप.

चर्रर्र...

टेप फाडल्याचा आवाज. बाहेरून नाही. आतून. पलंगाकडून.

"कर्टिस?" रॉइसनं दरडावलं.

"लॉर्ना, तू उठलीस का?"

त्यानं बॅटरी मारली. कुणी नाही. लॉर्ना झोपलेली. तिच्या गाऊनवर, डाव्या बाजूला, छातीवर... निळा तुकडा.

त्याचं डोकंच फिरलं. ही कसली थट्टा! ओरबाडायला हात गेला. आणि थांबला. त्यानं वाकून तिथं कान लावला. एक ठोका... मग काही नाही... मग दोन, घाईघाईत... मग काही नाही.

ॲम्ब्युलन्सवाल्यांनी फाटकाचं कुलूप तोडलं. पहाटे डॉक्टर म्हणाले, हृदयाची झडप निकामी होत होती, सकाळपर्यंत थांबला असतात तर हाती काही लागलं नसतं. वाचली लॉर्ना. अजून मला फोनवर झापते.

डॉक्टरांचं ऐकून रॉइस भिंतीकडे तोंड करून उभा राहिला आणि ढसाढसा रडला. त्यानंच सांगितलंय मला. नर्स मागून पाणी घेऊन आली, आणि तिथंच थबकली.

"काका... तुमच्या पाठीला हे निळं काय चिकटलंय?"