‘नको’ म्हणायची जागा

“माझं काही चोरीला गेलेलं नाही,” समोरची बाई म्हणाली. “पण माझ्यावर आळ आलाय, आणि तो घेतलाय कुणी तेच कळत नाही.”

शुक्रवारची सकाळ होती. कसबा बावड्यातल्या त्या दोन खोल्यांच्या कार्यालयात क्रांती सरनोबत पाय दुमडून खुर्चीत बसल्या होत्या. विमा कंपनीत वीस वर्षं खोटे दावे शोधण्यात घालवल्यावर त्यांनी हे खासगी तपासाचं काम सुरू केलं होतं. शेजारी पिराजी खोत चहा ओतत होता. तो जन्मभर पोस्टमन होता. निवृत्त झाल्यावर घरात करमेना म्हणून क्रांतीबाईंच्या जोडीला यायला लागला. तपासातलं आपल्याला फारसं कळत नाही, हे तो कुणालाही मोकळेपणानं सांगायचा.

बाईचं नाव शांभवी. वय तेहतीस. नवरा मल्लेश चार वर्षांपूर्वी अपघातात गेला. माहेर वारणानगरचं, पण ती सासू-सासऱ्यांजवळच राहिली होती, इथंच, बावड्यातल्या नव्या वसाहतीत.

“काम काय करता?” क्रांतीबाईंनी विचारलं.

“वेबसाइट उघडली की खाली एक पाटी येते बघा. ‘आम्ही कुकीज वापरतो, मान्य आहे का?’ ती मी लिहिते.”

“ती कोन लिवतंय व्हय?” पिराजीला नवल वाटलं. “म्या तर न वाचताच हो म्हणून टाकतो.”

“सगळेच म्हणतात, मामा. म्हणून तर नीट लिहावी लागते.” शांभवी पहिल्यांदाच थोडी हसली. “साइट तुमच्या फोनमध्ये एक बारकी खूण ठेवते. तुम्ही पुढं दुसरीकडं गेलात, तरी ती खूण बघून जाहिरातवाल्यांना कळतं, हा माणूस काय शोधत होता. म्हणून आधी साध्या भाषेत विचारायचं. दिलेला होकार मागं घेणंही तितकंच सोपं ठेवायचं. कायदाच आहे तसा. माझ्या पाटीवर ‘हो’ आणि ‘नको’ ही बटणं एकाच मापाची असतात. लपवाछपवी नाही.”

“मग आळ कसला?”

शांभवीनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. “‘नवा उंबरा’ नावाची साइट आहे. पुनर्विवाहाची स्थळं जुळवणारी. तिची पाटी आमच्या ऑफिसनं केली. रविवारी जेवताना मीच घरी सांगितलं, असं असं काम आलंय. सोमवारी ऑफिसच्या लॅपटॉपवर साइट उघडून तपासली. ‘नको’ दाबलं. घरचा टॅब मी हातातही घेतला नव्हता. आणि मंगळवारी संध्याकाळी त्याच टॅबवर जाहिरात आली. ‘लेकीसाठी नवा उंबरा, घाई नको, घर पारखून घ्या.’ मग बुधवारी. मग काल. भजन लावलं तरी तीच, भाजीची कृती बघितली तरी तीच.”

“टॅब कोण वापरतं?”

“तिघंही. अव्वा, म्हणजे सासूबाई, त्याच्याशी बोलून गाणी लावतात.” तिचा आवाज बारीक झाला. “मंगळवारपासून अव्वा माझ्या डोळ्याला डोळा देत नाहीत. त्यांना वाटलं असणार, पोरगी गुपचूप लग्नाचं बघतीय. मला तसं बघायचं असतं तर मी सांगून बघितलं असतं, ताई. त्या घरात मला मान वर करून राहायचंय. नाहीतर मी माहेरी जाते. पण त्यांना काही विचारू नका, एवढं करा.”

“तुमचा संशय कुणावर?”

“ऑफिसातल्या राजवीरवर. त्यानं चुलतभावाचं स्थळ सुचवलं होतं, मी तोंडावर नाही म्हटलं. त्यानं मुद्दाम काही केलं असेल. आणि तसं नसेल, तर माझीच पाटी खोटं बोलतीय. ‘नको’ दाबूनही खूण ठेवतीय. मग मी गेली तीन वर्षं लोकांना फसवतीय.”

हे सांगताना तिचे डोळे भरून आले. पिराजीनं चहाचा कप हळूच तिच्याकडं सरकवला.

*

राजारामपुरीतल्या दुसऱ्या मजल्यावरच्या ऑफिसात मालक विश्वजित आधीच वैतागलेला होता.

“शांभवी म्हणते, पाटीच चुकलीय. सोमवारपर्यंत खरंखोटं कळलं नाही, तर मला ते काम सोडावं लागेल. ज्या साइटवर माणसं आपलं दुःख घेऊन येतात, तिथं असली गोष्ट चालत नाही, मॅडम.”

“साइट उघडली की आधी काय विचारतात?”

“पाटी येते. मग पहिलाच प्रश्न, ‘स्थळ कोणासाठी?’ स्वतःसाठी, मुलीसाठी, बहिणीसाठी की इतर. जाहिराती पुढं त्याप्रमाणं बदलतात. पण पाटीला हो म्हटलं असेल तरच.”

राजवीर तिशीचा. कान तांबडे करून उभा होता. “मी कशाला तिच्या वाटेला जाऊ? ती नाही म्हटली, विषय संपला. मला तिचं घर कुठं आहे तेपण माहीत नाही.”

“या पाटीत तुम्ही काय केलं?”

“मराठी तिनं लिहिली. इंग्रजी आणि कन्नड मी केली. सीमेकडची माणसं येतात की साइटवर. तिची पाटी भाषांतराच्या मशीनवर टाकली, आलं ते चिकटवलं.”

“कन्नड तपासली कुणी?”

“मला कुठं येतंय कन्नड?” राजवीर म्हणून गेला.

क्रांतीबाईंनी तिन्ही भाषांतल्या पाट्या एकामागून एक उघडल्या. प्रत्येक वेळी त्यांचं बोट पडद्याजवळ हललं. दोन. एक. दोन.

“काय मोजताय बाई?” जिना उतरताना पिराजीनं विचारलं.

“बटणं.”

पिराजीनं मान डोलावली. कळलं काहीच नव्हतं.

*

दुपारी ते शांभवीच्या घरी गेले. सासऱ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, तेव्हा आजारी माणसाला बघायला म्हणून सहा केळी घेऊन.

गुरुपाद आप्पा काळा चष्मा लावून पलंगावर बसले होते. “या या पावणं, बसा. एक डोळा आधीचाच गेलेला हाय, दुसऱ्याचं हे. आजून म्होरचा मानूस धुरकटच दिसतोय.”

“कधी झालं ऑपरेशन?”

“मंगळवारी, चौदा तारखेला. सकाळी नऊला सूनबाईनं नेलं, दोन वाजता आनलं. दवाखान्यात माझा हात न्हाय सोडला पोरीनं. हिचं गुडघं दुखत्यात, ही ऱ्हायली घरात.”

‘ही’ म्हणजे बसव्वा. बुटक्या, गोऱ्या, कपाळावर विभूतीचे पट्टे. पाणी देऊन त्या भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. सुनेकडं त्यांनी खरोखरच एकदाही बघितलं नाही.

“अव्वा, तुम्ही बघता का टॅब?” क्रांतीबाईंनी सहज विचारलं.

“गानी लावती की. बोललं की ऐकतंय ते. लिवनं-वाचनं मला कुठलं येतंय? मराठी शाळंत म्या पाऊल न्हाय ठेवलं.”

पिराजी पाण्याचं भांडं ठेवायला स्वयंपाकघरात गेला. भिंतीवर कन्नड दिनदर्शिका होती. जवळजवळ प्रत्येक चौकोनात पेन्सिलीनं बारीक काहीतरी लिहिलेलं, गोल गोल अक्षरांत, अगदी आजच्या सतरा तारखेपर्यंत. आजच्या चौकोनापुढं औषधाच्या थेंबाचं चित्रही काढलेलं होतं. पोस्टमनच्या सवयीनं त्यानं अक्षर बघितलं. वळणदार, एका हाताचं.

बाहेर क्रांतीबाईंनी शांभवीला विचारून टॅब घेतला होता. ‘नवा उंबरा’ उघडून त्या अगदी तळाला गेल्या. पडद्यावर तीच गोल अक्षरं. पिराजीला त्यातले आकडे तेवढे वाचता आले. चौदा तारीख, आणि अकरा वीस.

“तुम्ही दिलेल्या होकाराची नोंद इथं राहते ना?” त्यांनी शांभवीला हळू विचारलं.

“हो. कधी दिला, कुठल्या भाषेत वाचून दिला. मीच ठेवायला लावली ती.” तिनं वाकून बघितलं आणि गोंधळली. “पण मला कन्नड वाचता येत नाही. हे कुणी उघडलं?”

पिराजीनं क्रांतीबाईंना कोपरखळी दिली आणि कुजबुजला, “म्हातारबा. दुसरं कोन कन्नड वाचनार?”

“अकरा वीसला म्हातारबा दवाखान्यात होते, आणि त्यांचा हात हिच्या हातात होता.”

पिराजी बघतच राहिला. मग घरात होतं तरी कोण?

क्रांतीबाई उठल्या. “अव्वा, जरा आत येता? एक विचारायचंय.”

दोघी स्वयंपाकघरात गेल्या. दार लोटलं गेलं. दोन मिनिटं, तीन मिनिटं. शांभवी नखं कुरतडत होती. मग दार उघडलं. बसव्वांनी पदरानं तोंड अर्धं झाकलं होतं. “तुमीच सांगा बाई,” त्या म्हणाल्या. “माझ्या तोंडातनं न्हाय निघायचं.”

*

क्रांतीबाई पुन्हा बसल्या. “आता अव्वांनी परवानगी दिली, म्हणून सांगते. शांभवी, पहिली गोष्ट. तुमची पाटी खोटं बोलत नाही. तुम्ही सोमवारी ‘नको’ म्हटलंत, तिनं ते ऐकलं. ही खूण तुमची नाहीच. ती मंगळवारी सकाळी अकरा वीसला, याच टॅबवरून, कन्नड पाटी वाचून ठेवली गेली.”

“पण मी तेव्हा दवाखान्यात…”

“तुम्ही आणि आप्पा दोघंही. राजवीरला तुमचं घर ठाऊक नाही म्हणतो. ते खोटं धरलं, तरी त्याला कन्नड येत नाही, आणि हा टॅब इथंच होता. घरात एकच माणूस होतं. त्यांना वाचता येत नाही, असं तुम्ही समजता. पण अव्वा काय म्हणाल्या? मराठी शाळेत पाऊल ठेवलं नाही, असं. शाळेतच गेले नाही, असं त्या म्हणाल्या नाहीत.”

“चौथी झाली तिची,” पलंगावरून आप्पा पुटपुटले. “कानडी शाळंत. आमच्या सीमेकडच्या गावात.”

“पिराजीमामा, दिनदर्शिका बघितलीत?”

“बघितली की. आजच्या तारखेपर्यंत लिवलेलं हाय.” पिराजीच्या डोक्यात आता कुठं उजेड पडला. “आन् म्हातारबास्नी तर मंगळवारपास्नं म्होरचा मानूस दिसंना!”

“म्हणजे औषधाच्या वेळा लिहिणारा हात अव्वांचा. रविवारी तुम्ही साइटचं नाव जेवताना सांगितलंत. अव्वांनी ते टॅबला बोलून दाखवलं. साइट उघडली. वर तीन भाषा होत्या, त्यांतली आपली ओळखीची अक्षरं त्यांनी दाबली. आता दुसरी गोष्ट. तुमच्या पाटीवर दोन बटणं आहेत. कन्नड पाटीवर एकच, ‘हो’चं. मशीनवरून चिकटवताना ‘नको’ गळून पडलं, आणि कुणी वाचून बघितलंच नाही. अव्वांना पुढं जायला दुसरी वाटच नव्हती. हा राजवीरचा हलगर्जीपणा. आकस नाही.”

“आणि जाहिरात?”

“ती तर पहिल्या दिवसापासून खरं सांगत होती. तुम्ही ‘नवा उंबरा’ एवढंच ऐकलंत. तिच्यात पहिलाच शब्द होता, ‘लेकीसाठी’. स्वतःसाठी शोधणाऱ्याला ती जाहिरात येतच नाही. ज्यानं ‘स्थळ कोणासाठी’ या प्रश्नाला ‘मुलीसाठी’ असं उत्तर दिलं, त्यालाच येते.” क्रांतीबाई थांबल्या. “अव्वा रागावल्या नव्हत्या, शांभवी. त्या भ्यायल्या होत्या. तुम्हाला न विचारता तुमचं बघितलं, आणि ते तुम्हाला कळलं, म्हणून.”

 बाहेर कुणाचातरी प्रेशर कुकर शिट्टी देऊन गप्प झाला.

“ह्यास्नी ऑपरेशनला नेलं,” बसव्वा भिंतीशी बोलल्यासारख्या बोलू लागल्या. “घरात एकलीच बसली. मनात आलं, आज डोळं, उद्या काय आनी. आमी दोगं गेल्याव ह्या पोरीला दार उघडाय कोन ऱ्हानार? चार वर्सं आमचं करतीया. आपनच कुटंतरी बघावं म्हटलं. मग जाहिरात याय लागली. तिच्या म्होरं तोंड कसं दाखवू?”

शांभवी उठून त्यांच्यापुढं उभी राहिली. “अव्वा, त्या प्रश्नाखाली चार उत्तरं होती. ‘इतर’ असं पण होतं.”

“दिसलं की.”

“मग?”

बसव्वांनी पदर बाजूला केला. चार दिवसांत पहिल्यांदाच त्यांनी सुनेकडं नीट बघितलं.

“तू इतर कशी गं?”

शांभवी तिथंच खाली बसली, सासूच्या दुखऱ्या गुडघ्यावर डोकं ठेवून, आणि हुंदके देऊन रडली. बसव्वा तिच्या केसांवरून हात फिरवत कन्नडमध्ये काहीतरी म्हणत राहिल्या. पिराजीला त्यातला एक शब्द कळला नाही. तरी तो खिडकीकडं तोंड करून डोळे पुसत बसला.

*

शनिवारी बसव्वा रिक्षातून राजारामपुरीत आल्या. शांभवीनं हाताला धरून त्यांना दोन मजले चढवलं. राजवीरनं स्वतःची खुर्ची त्यांना दिली आणि शांभवीसमोर मान खाली घालून म्हणाला, “चुकलं माझं. वाचून घ्यायला पाहिजे होतं.”

“आता घ्या की,” ती म्हणाली.

बसव्वा एकेक ओळ मोठ्यानं वाचत होत्या आणि तोडत होत्या. “हे कोन बोलतंय असं? कोर्टातला कारकून व्हय? आमच्या गल्लीतल्या बायकास्नी कळंल असं लिवा. आन् ‘नको’ म्हनायची जागा कुटं हाय? ती आदी घाला.” राजवीर धडपडत दुरुस्त्या करत होता. विश्वजित दारात उभा राहून ऐकत होता. इथून पुढं प्रत्येक कन्नड पाटी आधी अव्वांना वाचायला द्यायची, असं त्यानं तिथल्या तिथं ठरवलं. क्रांतीबाई आणि पिराजी निरोप घ्यायला आले होते, ते एका कोपऱ्यात चहा पीत बसले.

दोन बटणं जागेवर आली, तेव्हा शांभवीनं टॅबवर आधीचा होकार मागं घेऊन दाखवला. एका बोटाचं काम.

“गेलं?” बसव्वांनी विचारलं.

“गेलं.”

बसव्वांनी पदर सावरला. मग हळूच म्हणाल्या, “मग आता तुलाच विचारू?”

राजवीरनं पडद्यात डोकं घातलं. पिराजीनं कप तसाच धरून ठेवला.

“विचारा,” शांभवी म्हणाली.

“बघू का गं कुटं?”

“आत्ता नको, अव्वा.”

“बरं,” बसव्वा म्हणाल्या. त्यांना वाईट वाटलेलं दिसलं नाही. “मग येका वर्सानं विचारते.”

“विचारा की,” शांभवी म्हणाली, आणि जिना उतरायला त्यांना हात दिला.