मिठाच्या खाणीतला दाऊद

तीस वर्षं मी अजिंठ्याला जर्मन पाहुण्यांना लेणी दाखवली. माझी एक रीत होती. आत शिरलं की आधी टॉर्च बंद करायचो आणि म्हणायचो, "अंधाराला जरा डोळे द्या." मिनिटभर कुणी हलायचं नाय. मग बाजूनं उजेड टाकला की भिंतीतनं चेहरे वर यायचे. जाताना पाहुणे हात धरून म्हणायचे, दाऊद, एकदा आमच्याकडं ये. तीस वर्षांत एकानं बोलावणं धाडलं नाय, ते सोडा.

टूरवाल्या इंद्रजीतनं ऑस्ट्रियाची सहल काढली तेव्हा तो म्हणाला, "दाऊदभाई, तुमच्याशिवाय कोण? तुम्हाला जर्मन येतं." दोन महिने दर रविवारी त्याच्या सिडकोतल्या ऑफिसात मी सहलीच्या मंडळींना जर्मनमधनं रामराम करणं, पाणी मागणं, संडास कुठं ते विचारणं शिकवलं. निघायच्या दिवशी रोशन गेटमागची आमची अख्खी गल्ली हार घेऊन कोपऱ्यापर्यंत पोचवायला आली. सगीरानं, माझ्या बायकोनं, दंडाला इमामजामीन बांधला. हिरव्या कापडात गुंडाळलेलं नाणं. परमुलखात माणसाची रखवाली करतं.

"परत आलात की मीच सोडणार," ती म्हणाली. "तोवर हात लावू नका."

सिडकोत विमानतळाच्या बसपाशी गेलो तर माझ्या सीटवर इंद्रजीतचा मेव्हणा प्रणय. कानात वायर, हातात मोबाईल.

"भाई, समजून घ्या," इंद्रजीत म्हणाला. "आता ॲपच भाषांतर करतं. पुढच्या वर्षी तुम्ही नक्की."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "मग ॲपलाच बांध हे!" म्हणालो, दंडावरचं कापड हिसडून तोडलं आणि बसच्या दारातनं आत भिरकावलं. दार लागलं. बस गेली.

आता कोणत्या तोंडानं गल्लीत जाऊ? हार घालून पोचवलेला माणूस तासाभरात बॅग घेऊन परत! सरळ पाचोडला बहिणीकडं गेलो आणि तोंड लपवून पडलो. तिसऱ्या दिवशी सगीराला मेसेज टाकला, "पोचलो. खैरियत." खोटं बोलायला तेवढंच जमलं.

उत्तर आलं, "कितीदा सांगता? आत्ताच तर फोनवर बोललात."

प्रणयच असणार. माझा आवाज काढून माझ्या बायकोची मस्करी करतोय, हरामखोर! मी फोन बंद करून टाकला. पुढचे सगळे दिवस एकच विचार, मेव्हण्याची कॉलर आधी धरायची की दाजीची.

मंडळी परतायच्या दिवशी संध्याकाळी सिडकोत जाऊन थडकलो. ऑफिससमोर बसमधनं बॅगा उतरत होत्या. मी प्रणयची गचांडी धरली.

"माझ्या घरी फोन का केलास रे?"

तो पांढराफटक पडला. "भाई, मी कुठं? तुम्हीच तर सगळं बघत होता. मी नुसत्या बॅगा उचलल्या."

"तोंड सांभाळ! मी पाचोडला होतो!"

कुणी हसलं नाय. सहलीला वैजापूरचे काकासाहेब होते, कांद्याचे अडते. म्हातारा थट्टेतला नाय. त्यांनी मोबाईल माझ्यापुढं धरला. "तिथल्या मिठाच्या खाणीतलं हाय हे. तुमीच ऐका."

स्क्रीन काळी. कुठंतरी पाणी टपकत होतं. मग आवाज आला. माझा. सकाळी असतो तसा जरा बसलेला.

"अंधाराला जरा डोळे द्या."

प्रणयच्या मानेवरचा माझा हात आपोआप सुटला.

"फोटोत कुठंय मी? दाखवा की!" मी ओरडलो.

"फोटो तुमीच काढत होता," काकासाहेब म्हणाले.

त्यांची बायको सारजाबाई लांबूनच माझ्या दंडाकडं बघत होती. "भाऊ, तुमची हिरवी पट्टी? तिथं तर सारखे तिच्यावर हात ठेवून होतात. म्हणायचात, घरी गेल्याबिगर सोडायची नाय." मग तिनं आवाज उतरवला. "अन् आत्ता तर तुमाला रोशन गेटला उतरवलं की आमी. लई खुशीत होतात."

मी मिळेल त्या रिक्षात उडी मारली. वाटेत सगीराला फोन लावत राहिलो. प्रत्येक वेळी लाईन बिझी. डोकं फुटायची वेळ आली. माझं जाणं त्या लोकांनी खाल्लं, ठीक. पण माझं परतणंसुद्धा?

गल्लीत शिरलो तेव्हा मगरिबची अजान चालली होती. आमच्या ओट्यावर मोगऱ्याचा हार पडलेला, ताजा.

दार आतनं लावलेलं. खालच्या फटीतनं उजेडाची पट्टी बाहेर आली होती. आत कपबशा वाजल्या. सगीरा हसत होती. कित्येक वर्षांत तिला असं हसताना ऐकलं नव्हतं.

"ठैरो जी, हलू नका. गाठ लई घट्ट बसलीय."

मी दोन्ही हातांनी दार बडवलं. "सगीरा! ती गाठ सोडू नको! मी आलोय! मी, दाऊद!"

आत सगळं थांबलं.

"कोण हाय हो?" तिनं विचारलं. मला नाय.

मग माझा आवाज. दमलेल्या पाहुण्यांशी बोलतो तसा, मऊ.

"घाबरू नको. आधी दिवा बंद कर."

दाराखालची पट्टी विझली.

अंधारात फरशीवर नाणं पडलं.