डब्याचे पिवळे कोपरे

सन २०४६. सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटांनी सुमेधाने आजोबांचा चौकोनी डबा भरला: दोन भाकऱ्या, मुगाची उसळ, लिंबाची फोड. झाकण लावताना पाच वर्षांच्या पार्थने नेहमीसारखा डबा धरला. उजव्या हाताने घट्ट, डाव्या हाताने जेमतेम.

"ताई, कोपरे बघ किती पिवळे! घासतेस की नुसता भिजवतेस?"

"रोज घासते. कोपऱ्यातली हळद निघतच नाही. उद्यापासून तू घास."

"माझा डावा हात दमतो," पार्थ ऐटीत म्हणाला. नको त्या कामाच्या वेळी तो हात हमखास दमत असे.

आजोबांची प्रयोगशाळा सांगलीतच, सायकलने सात मिनिटांवर होती. बारा वर्षांची सुमेधा शाळेआधी रोज तिथे डबा पोहोचवी. आजोबा, म्हणजे डॉ. धन्यकुमार आरवाडे, तान्ह्या बाळांसाठी कृत्रिम फुफ्फुस तयार करत होते. सोमवारी ते फुफ्फुस मुलांच्या रुग्णालयात पहिल्या बाळांसाठी जायचे होते. आज शुक्रवार होता. सुमेधाने प्रयोगशाळेत पोहोचून डबा टेबलावर ठेवला.

"टिपणीस, कालच्या चाचणीचं काय?" आजोबांनी विचारले. नोंदी टिपून ठेवतो म्हणून यंत्रमानवाचे नाव टिपणीस.

"सहा तासांत पेटीतल्या रक्ताचा दाब दोन एककांनी वाढला, डॉक्टरसाहेब. मर्यादेच्या आत. सलग अकराव्यांदा."

"म्हणजे सलग अकराव्यांदा वाढलाच की! आत कुठेतरी काहीतरी अडतंय."

सुमेधाने पारदर्शक पेटीकडे पाहिले. पेटी तळहाताएवढी होती. आत केसासारख्या बारीक पोकळ तंतूंची जुडी होती. तंतूंच्या आतून प्राणवायू वाहतो, बाहेरून रक्त. तंतूंच्या भिंतीतून प्राणवायू रक्तात शिरतो आणि कार्बन डायऑक्साइड (उच्छ्वासात बाहेर पडणारा वायू) निघून जातो. ताजे झालेले रक्त बाळाच्या शरीरात परतते. पेटी जोडलेली असेल तेवढे दिवस आजारी फुफ्फुसांना विसावा मिळतो.

"आणि रक्त अडलं तर?" तिने विचारले.

"वाहतं रक्त ठीक. थबकलं की गोठून त्याची गुठळी होते. ती सुटून मेंदूत गेली, तर..."

पुढचे त्यांना सांगावे लागले नाही. पार्थ तीन महिन्यांचा असताना हेच काम करणाऱ्या जुन्या यंत्राने त्याचा जीव वाचवला होता. त्याच यंत्रातल्या एका गुठळीने त्याचा डावा हात अधू केला होता.

"मग बघा ना कुठे अडतंय!"

"लालात लाल काय दिसणार? आणि साधं पाणी घातलं, तर त्यात काहीच दिसत नाही."

सुमेधाची नजर टेबलावरच्या डब्यावर गेली. "आजोबा, हळद! आधी हळदीचं पाणी सोडा, मग स्वच्छ पाणी. जिथे पाणी पोहोचत नाही, तिथे पिवळं राहील. आपल्या डब्यासारखं."

"हळदीच्या गावात राहून मला सुचलं नाही!" आजोबा उठले. "टिपणीस, सरावाची पेटी आण. रुग्णाची नव्हे."

बाळाच्या मंद प्रवाहाने पिवळे पाणी गेले. मग स्वच्छ पाणी दहा मिनिटे वाहिले. पेटी नितळ झाली. फक्त खालचे दोन कोपरे नखाएवढे पिवळे राहिले.

"प्रवाहाची सरासरी उत्तम होती," टिपणीस म्हणाला.

"सरासरीत कोपरा दिसत नाही रे. आता मोठ्या माणसाच्या प्रवाहाने सोड."

टिपणीसने पंपाचा वेग आठपट केला. क्षणात कोपरे धुऊन निघाले.

आजोबा खुर्चीत बसले. "चूक माझी. मोठ्यांचा सदरा कापून बाळाला शिवावा, तशी मोठ्यांची पेटी मी नुसती लहान केली. मोठ्यांच्या जोरदार प्रवाहात कोपरा धुतला जातो. बाळाचं रक्त थोडं, प्रवाह मंद. ते कोपऱ्यात थबकतं. बाळाची पेटी बाळासाठीच आखायला हवी. कोपरेच नसलेली."

"दाब मर्यादेत आहे. सोमवारी पेटी पाठवता येईल," टिपणीस म्हणाला. "नवा साचा आणि नव्या चाचण्या म्हणजे चार महिने."

"त्या चार महिन्यांत आजारी पडणाऱ्या बाळांचं काय?" सुमेधाने विचारले.

आजोबांनी सरावाची पेटी हातात घेतली. "जुनं यंत्र आहे. त्याचे धोके डॉक्टरांना ठाऊक आहेत, ते डोळ्यांत तेल घालून पहारा करतात. या पेटीवर मात्र ते निर्धास्त राहतील, मी सुरक्षित म्हटलं म्हणून. आणि मला तर कोपरा दिसला आहे."

त्यांनी रुग्णालयाला स्वतःच पत्र लिहिले: पेटी तयार नाही; कारण आणि पिवळ्या कोपऱ्यांचे छायाचित्र सोबत. मग फळ्यावरचा 'सोमवार' पुसून तिथे 'चाचणी पहिली' असे लिहिले. टिपणीसने नवे पान उघडले.

शाळेला अजून वीस मिनिटे होती. आजोबांनी पेटीचा मेणाचा साचा सुमेधापुढे सरकवला. तिने अंगठा टेकवला आणि पहिला कोपरा हळूहळू दाबून गोल केला.