डाव्या पायाचं काम

हे खरं घडलंय. आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं वाचून तुम्ही म्हणणारच की औषधाच्या गुंगीत माणसाला काहीही ऐकू येतं.

आम्हीही तेच म्हणत होतो.

यात काळोखी रात्र नाही, गेलेले लाईट नाहीत. सकाळचे साडेदहा वाजले होते. ऑपरेशन थिएटरमध्ये डोळे दिपतील एवढा उजेड होता आणि आत सहा माणसं होती. त्यातले एक माझे बाबा, बाकीचे पाच त्यांच्या गुडघ्याच्या कामात.

सातवं कुणी नव्हतं.

मी बाहेर बाकावर बसले होते. आतलं सगळं मला बाबांनी सांगितलं. बाबा सुतार आहेत. जन्मभरात ते एकच खोटं बोलत आले, ते म्हणजे "टेबल उद्या नक्की देतो." बाकी त्यांच्या शब्दावर मी डोळे झाकून विश्वास ठेवते.

त्यांचे दोन्ही गुडघे पार झिजले होते. जिना चढताना त्यांचा चेहरा बघवत नसे. शेवटी मीच त्यांना धरून हाडांच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर भला माणूस. त्यांनी समोर बसवून सगळं समजावलं. आधी उजवा गुडघा बदलायचा, तीन महिन्यांनी डावा. कमरेत इंजेक्शन देऊन खालचं अंग बधिर करतात, पण माणूस जागा असतो. छातीपुढे पडदा असतो. करवतीचा आवाज येईल, ठोकाठोकीचाही येईल, घाबरायचं नाही. दुसऱ्याच दिवशी उभं करू. दुखेल, चांगलंच दुखेल, तरी व्यायाम चुकवायचा नाही.

दुसरा कुणी असता तर तिथून पळाला असता. बाबांनी विचारलं, करवतीचे दात बारीक की मोठे?

डॉक्टर हसले आणि त्या दोघांचं तिथेच गूळपीठ जमलं. मला मात्र हसू येत नव्हतं. मला एकच हवं होतं, बाबांनी परत आपल्या पायांवर चालावं.

तर ती सकाळ.

इंजेक्शन दिलं. पाय जड झाले आणि मग नाहीसेच झाले. बाबा म्हणाले, कमरेखाली आपण आहोत हेच कळत नव्हतं. पडदा लागला. करवत चालली. बाबा मजेत ऐकत होते. मग ठोकाठोकी सुरू झाली.

टक... टक... टक... टक...

डॉक्टरांचा हात बरा आहे, असं बाबांच्या मनात आलं.

आणि मग त्यात दुसरा आवाज मिसळला.

टक-टक... ... ठक.

दोन हलके ठोके. मध्ये थांबणं. मग एक पूर्ण ताकदीचा.

बाबांनी ती चाल ओळखली.

इथे मोठ्या काकांबद्दल सांगायला हवं. बाबांचे थोरले भाऊ. बाबांच्या हातात लाकूड कोरायची पहिली पटाशी त्यांनीच दिली. एका लाकडाला खाच, दुसऱ्याला तिच्यात बसणारी जीभ, खिळा नाही की स्क्रू नाही, असा सांधा करण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. प्रत्येक सुताराची ठोकायची एक चाल असते. काकांची ही होती. मधल्या थांबण्यात ते दातांतून श्वास ओढायचे. लहानपणी शेजारच्या खोलीतून मीसुद्धा ती ओळखायचे.

काकांना जाऊन कितीतरी वर्षं झाली होती.

बाबांनी स्वतःला समजावलं, योगायोग असेल. तेवढ्यात डॉक्टर ठोकायचे थांबले. मागे सरकून ते नर्सला काहीतरी मागत होते. त्यांचे दोन्ही हात बाबांना पडद्याच्या वर दिसत होते. रिकामे.

टक-टक...

दातांतून ओढलेला श्वास...

ठक.

आवाज डावीकडून येत होता. ज्या पायाला त्या दिवशी कुणी हात लावणार नव्हतं, त्या बाजूनं.

बाबांनी उशाशी बसलेल्या भुलीच्या डॉक्टरीणबाईंना विचारलं, "डाव्या पायावर कोण काम करतंय?"

"कुणी नाही हो बाबा. तो झाकून ठेवलाय."

आणि बाबांना आपला पायच जाणवत नव्हता. तिथे काय चाललंय, हे कळायचा काही मार्गच नव्हता.

वॉर्डात आणल्यावर ते पहिलं वाक्य बोलले ते हे, "डावा बघ." मी चादर उचलली. उजव्याला जाडजूड बँडेज. डावा जसाच्या तसा. ओरखडासुद्धा नाही. मी म्हटलं, बाबा, झोपा. डॉक्टरांनी हसून सांगितलं की औषधानं असे भास होतात. मलाही ते पटलं.

दुसऱ्या दिवशी त्यांना वॉकर धरून उभं केलं. उजवा पाय ठणकत होता, तो ठणकणारच होता.

डावा दुखत नव्हता.

बारा वर्षं दुखणारा, ऑपरेशन न झालेला गुडघा... अजिबात दुखत नव्हता.

आम्हाला आनंद झाला. एक केलं आणि दोन बरे झाले, असं मी फोनवर सगळ्यांना सांगत सुटले. बाबा तेवढे डाव्या पायाकडे बघत होते.

घरी आल्यावर आईच्या पहिल्यांदा लक्षात आलं. आईचे कान भारी तिखट. ती स्वयंपाकघरात, बाबा बाहेर वॉकर घेऊन फेऱ्या मारत होते. आई हातातलं काम टाकून दारात आली.

"अगं, ऐक जरा," ती मला म्हणाली.

वॉकरचा खट्. उजव्या चपलेचा चट्. मग...

काही नाही.

परत खट्. चट्. आणि डाव्या पायाच्या जागी नुसती शांतता.

मी वाकून बघितलं. डावा पाय जमिनीवर नीट टेकत होता, पायात चप्पल होती. आवाज मात्र होत नव्हता.

डॉक्टरांकडे नेलं. एक्स-रेमध्ये डावा गुडघा होता तसाच, हाडावर हाड घासलेलं. डॉक्टरांनी पायाला सुई टोचली. बाबांना कळलं नाही. नसा तपासल्या, त्या ठीक निघाल्या. डॉक्टर पहिल्यांदाच गंभीर झाले. ते म्हणाले, दुखणं हा राखणदार असतो. न दुखणारा सांधा माणूस बेफिकीर वापरतो आणि आत हाडाचा भुगा होतो. डावा गुडघा लगेच बदलायला हवा, नाहीतर पाय हातचा जाईल.

बाबा नाही म्हणाले.

मी समजावलं, रागावले, रडले. ते ढिम्म. शेवटी एका संध्याकाळी त्यांनी मला जवळ बसवलं.

"पोरी, तो पाय माझा राहिलेला नाही. दादानं केलाय तो. आणि त्यानं केलेला सांधा दुसऱ्यानं उकललेला त्याला कधी खपला नाही."

"काका गेलेत, बाबा."

"मला माहितीय. त्याला खांदा मीच दिलाय."

मला बाबांची भीती वाटत नव्हती, बाबांसाठी वाटत होती. समोर माझाच बाप बसला होता आणि आपल्याच मांडीपासून अंग चोरत होता.

चार दिवसांनी आई फरशी पुसायला गेली तर बाहेरच्या खोलीपासून न्हाणीघरापर्यंत लाल डाग. बाबा आरामात तोंड धूत उभे होते. डाव्या तळव्यात इंचभर स्क्रू रुतला होता, चप्पल फोडून. त्यांना पत्ताच नव्हता. मी तो काढला तेव्हा ते माझ्याकडे बघत होते, दुसऱ्या कुणाचा पाय धरलाय असं.

मग ते आपणहून म्हणाले, चल, करून टाकू. पण मला पूर्ण झोपवा. मला काही ऐकायचं नाही.

जखम भरल्यावर तारीख ठरली. त्या दिवशी ऑपरेशनला पहिल्यापेक्षा फार वेळ लागला. आई आणि मी बाकावर. आईचे ओठ हलत होते, पण आवाज नव्हता. शेवटी दार उघडलं. डॉक्टर बाहेर आले आणि आईला म्हणाले, सगळं व्यवस्थित झालं, जा, भेटा त्यांना. मला मात्र त्यांनी थांबवलं.

मग ते चक्क माझ्या शेजारी बाकावर बसले.

"यांचा हा गुडघा आधी कुणी उघडला होता?"

"कुणीच नाही. तुम्ही बघितलंय ना, साधा व्रण नाही त्याच्यावर."

"म्हणूनच विचारतोय." ते आपल्या हातांकडे बघत होते. "आत हाड घासलेलं असायला हवं होतं. ते कापलेलं होतं. स्वच्छ, सरळ. वरच्या हाडाला खाच... आणि खालच्याला तिच्यात बसणारी जीभ. इतकी घट्ट की मला ते सोडवता सोडवता नाकी नऊ आले."



"आम्ही असं कधीच करत नाही," ते म्हणाले. "कुणीच करत नाही."

काकांबद्दल मी त्यांना सांगितलं नाही.

तेवढ्यात आतून बाबांची किंकाळी आली. मी धावत गेले. बाबा जागे झाले होते, दोन्ही हातांनी चादर आवळून कण्हत होते.

"डावा... डावा दुखतोय गं... मरतोय मी..."

आई आणि मी एकमेकींच्या गळ्यात पडून हसायला लागलो. हसता हसता रडलो. नर्सला वाटलं असेल, या दोघींना वेड लागलंय. पण तो पाय दुखत होता. पाय परत बाबांचा झाला होता.

याला आता पाच महिने होतील. बाबा काठी घेऊन कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत जातात. दोन्ही चपला वाजतात. डॉक्टर म्हणतात की थोडंफार दुखणं वर्षभर राहील, त्यात काळजीचं काही नाही. आत काय सापडलं ते मी बाबांना सांगितलेलं नाही. त्यांनी दोनदा विचारलं. मी म्हटलं, झिजलं होतं, दुसरं काय असणार.

"बरं झालं," ते म्हणाले. "दादाचं काम असतं आणि ते कुणी मोडलं असतं, तर त्यानं परत येऊन पहिल्यापासून केलं असतं."

तेव्हापासून मला एक खोड लागली आहे. रोज सकाळी ते उठून बसले की मी विचारते, "बाबा, डावा दुखतोय ना?" ते वैतागतात. म्हणतात, ही कसली मुलगी, बापाचं दुखणं मागते. पण 'हो' म्हणतात. त्यांचं ते 'हो' ऐकल्याशिवाय मला चहाचा घोट गिळवत नाही.

आजही विचारलं.

बाबा गुडघ्यावर हात ठेवून बसले होते. त्यांनी तो थोडा दाबला. मग जरा जोरात दाबला. मग माझ्याकडे बघितलं.

"हो," ते म्हणाले.

पण म्हणायला त्यांना वेळ लागला.